वेणीची टोकं

हा मजकूर आम्ही दोघी बहिणींनी मिळून लिहिला आहे. थोरली मिरजेत राहते, शिवणकाम करते. धाकटी लग्नानंतर पुण्याला गेली, तिथं शाळेत गणित शिकवते. आठवड्यातून तीन-चार वेळा फोन होतो आणि त्यातल्या निम्म्या वेळा कशावरून तरी वाद होतो. २०२३ च्या डिसेंबरात जो वाद झाला तो थोरलीच्या केसांवरून. टोकाचे किती कापायचे, एवढाच प्रश्न होता. घरातल्या पुरुषांना तो शेवटपर्यंत कळला नाही. दूल्हाभाई म्हणाले, "कापायचे तर कापा, नाहीतर राहू द्या. यात चार दिवस बोलणं बंद ठेवण्यासारखं काय आहे?" वाचक भगिनींना कळेल असं वाटतं, म्हणून लिहितो आहोत.

थोरलीचे केस लांब आहेत. शिवणकामाच्या टेपनं मोजले तर तेव्हा ३८ इंच भरले, म्हणजे कमरेच्याही खाली. पण लांबी ही ऐकायला बरी. वेणी मानेजवळ चांगली दोन बोटं जाड, पाठीच्या मध्यापर्यंत ठीक, आणि तिथून पुढं बारीक होत होत शेवटच्या वीतभरात पेन्सिलीएवढीही उरायची नाही. रबर बांधलं की चालता चालता घसरून पडायचं. तिच्या बारा वर्षांच्या मुलीनं एकदा शाळेला जाता जाता सांगून टाकलं, "मम्मी, तुझी वेणी उंदराच्या शेपटीसारखी दिसते." मुलांना अशा गोष्टी बरोबर दिसतात. थोरलीनं त्या दिवसापासून वेणी सोडून अंबाडा घालायला सुरुवात केली. स्कार्फखाली कुणाला काय दिसतंय, म्हणून गोष्ट तशीच राहिली.

मग जानेवारीत उमराहला जायचं ठरलं. एहराममध्ये केस कापता येत नाहीत, ओढून तोडता येत नाहीत. वुजूच्या वेळी, स्कार्फ काढता-घालताना गुंतलेली टोकं सोडवायची म्हणजे दोन-चार तरी तुटणार, ही धास्ती. म्हणून जाण्याआधी केस सारखे करून घ्यावेत असं थोरलीच्याच मनात आलं होतं. नाताळच्या सुट्टीत धाकटी मुलाला घेऊन मिरजेला आली. थोरली न्हाऊन केस वाळवत गच्चीत बसली होती. धाकटीनं उन्हात ती टोकं धरून पाहिली. त्यांतून पलीकडची भिंत दिसत होती.

"आपा, हे सगळं काढून टाक," ती म्हणाली.

"सगळं म्हणजे किती?"

"अर्ध्याहून जास्त."

इथून सगळं सुरू झालं.

पुढचं सांगण्याआधी आमच्या अम्मीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात केसांना कात्री लावायची नाही हा कायदा होता आणि तो अम्मीचा होता. "बालां को कैंची नक्को," एवढं एकच वाक्य, कारण नाही. शाळेत मैत्रिणी बॉबकट करून यायच्या, आम्ही दोन वेण्या लाल रिबिनीनं वर बांधून जायचो. असर आणि मगरिबच्या मध्ये अम्मी मागच्या दाराच्या पायरीवर बसायची आणि आम्हाला पाळीपाळीनं खालच्या पायरीवर बसवून तेल लावायची. तेल घरचं. खोबरेल मंद आचेवर ठेवून त्यात मेथ्या, कढीपत्ता, जास्वंदीची फुलं आणि मिळाला तर माका. मगरिबची अजान झाली की केस बांधलेले हवेत, मोकळे सोडून फिरायचं नाही. विंचरताना निघालेली गुंतवळ बोटाला गुंडाळून ती कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरायची. गल्लीत "केसांवर फुगेऽऽ" असं ओरडत माणूस यायचा. शेजारच्या काकू गुंतवळ साठवून त्याच्याकडून पिना, वाट्या, फुगे घ्यायच्या. आम्हाला फुग्यांची फार आशा असायची. अम्मी म्हणायची, माणसाचे केस विकायची चीज नाही. लहानपणी हा आमच्यावर मोठा अन्याय वाटायचा.

अम्मीच्या स्वतःच्या केसांना आयुष्यात एकदाच कात्री लागली, तीही हजमध्ये, मिना इथं. बाईनं केसांच्या टोकाचं बोटाच्या पेराएवढं कापायचं असतं. परत आल्यावर ती आम्हाला करंगळीचं पेर दाखवून सांगायची, "एवढंच. जास्त नाही." जणू कापणाऱ्या बाईशी तिनं भाव केला होता.

मोठेपणी आम्ही या गोष्टीची चौकशी केली. मोहल्ल्यात मुलींना शिकवणाऱ्या आलिमा बाजी आहेत. त्यांनी सांगितलं की सहीह मुस्लिममध्ये रिवायत आहे, नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या पत्नी आपले केस कमी करत असत. आपल्याकडचे बरेच उलमा बाईनं बिनगरज केस कापण्याला मनाई करतात, पण फाटे फुटलेली टोकं सारखी करण्याला हरकत घेत नाहीत. पुरुषांसारखं दिसण्यासाठी कापू नयेत, हे मात्र सगळेच सांगतात. बाजींनी आणखी एक विषय आपणहून काढला. विरळ टोकं झाकायला हल्ली पार्लरमध्ये दुसऱ्याचे केस जोडून देतात, ते करू नका, केसाला केस जोडण्याची हदीसमध्ये सक्त मनाई आहे. थोरलीच्या मनात ते नव्हतंच. पण एका गिऱ्हाईक बाईनं तिला ते सुचवलं होतं, हे खरं.

तर दीनच्या बाजूनं अडचण नव्हती. अडचण दुसरीच होती.

२०२१ च्या एप्रिलमध्ये अम्मी गेली. रमजानचा दुसरा अशरा चालू होता. घरात आधी थोरली आजारी पडली, मग अम्मी. अम्मीला दवाखान्यात ठेवावं लागलं, थोरली घरातच १०३ तापात होती. पाचव्या दिवशी फोन आला. मय्यत गुंडाळलेलीच ताब्यात मिळाली. एरवी बाईला गुस्ल देताना केस सोडून धुतात आणि दोन भाग करून छातीवर दोन्ही बाजूंना ठेवतात. आमची खाला मोहल्ल्यात कितीतरी बायकांचं हे काम करत आली आहे. सख्ख्या बहिणीचं तिला करता आलं नाही. ती अजूनही तेवढंच म्हणते, "तिचे केस तरी बांधायचे होते." धाकटी पुण्यात होती. घरात दोन जण पॉझिटिव्ह, मूल सात महिन्यांचं, आणि जिल्ह्याबाहेर जायला बंदी. ती आली तेव्हा चाळीस दिवस होऊन गेले होते.

जुलै उजाडला आणि थोरलीचे केस गळू लागले. गळू लागले म्हणजे कसे, तर कंगवा फिरवला की पुंजका, उशीवर पुंजका, न्हाणीच्या जाळीवर बोळा. मिरजेत डॉक्टरांची काही कमी नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी एक केस उपटून मुळाशी पाहिला आणि समजावून सांगितलं. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, नाहीतर जबर धक्का बसला की एरवी वाढत असलेले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. रोजचे पन्नास ते शंभर गळणं सगळ्यांचंच असतं, हे त्याच्या कितीतरी पट. पण मूळ जिवंत असतं, तिथूनच नवा केस येतो, सहा महिन्यांत गळती आपोआप थांबते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, पोटभर जेवा, घाबरू नका. हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याच्या गोळ्या झाल्या. नोव्हेंबरात गळती थांबली. कपाळाच्या कडेनं बारीक लव उगवली, ती स्कार्फच्या बाहेर उभी राहायची. थोरली पाण्याचा हात लावून ती बसवायची.

आता गच्चीवरच्या त्या दुपारी परत येऊ. धाकटीला आकड्याशिवाय काही पटत नाही. तिनं आधी हे ठरवायला घेतलं की टोकं विरळ का आहेत. कारण दोन तऱ्हा असतात. केस मध्येच तुटत असतील तर खालचा भाग खराब आहे, तो जितका ठेवाल तितका फाटा वर चढतो, कापणं भाग. पण केस तुटत नसून मुळातून गळून नवे येत असतील तर खालची टोकं खराब नसतात. तिथवर पोचणारे केसच थोडे असतात, बाकीचे अजून वाटेत असतात. मग घाई नसते.

हे घरात ओळखता येतं. थोरलीनं शिवणातलं काळं कापड मांडीवर पसरलं आणि त्यावर मधले आखूड केस ठेवून पाहिले. आखूड केसाचं टोक निमुळतं, सुईसारखं असेल तर तो नवा वाढणारा. टोक बोथट, पिंजलेलं, नाहीतर त्यावर पांढरा ठिपका असेल तर तो तुटलेला. बहुतेक आखूड केस निमुळते निघाले. सगळ्यात खालच्या दोन-तीन इंचांत मात्र दुतोंडी केस बरेच होते, तिथं तुटही होती. म्हणजे दोन्ही कारणं, पण मोठं कारण गळतीचं.

मग माप. केस मागं घेऊन मानेजवळ रबर लावलं आणि भाचीला दोरा घेऊन उभं केलं. मुळापासून ठरावीक इंचांवर तिनं दोरा गुंडाळायचा, थोरलीनं तो टेपवर धरायचा, धाकटीनं लिहायचं. रबराजवळ घेर साडेतीन इंच. अठरा इंचांवर सव्वादोन. अठ्ठावीसवर पावणेदोन. बत्तीसवर सव्वा. छत्तीसवर पाऊण.

"बघ, अठ्ठावीसपर्यंत निम्मे तरी आहेत," थोरली म्हणाली.

"निम्मे नाहीत, चौथाई आहेत. घेर निम्मा झाला की केस चौथाई होतात." आणि तिनं कागदावर गोल काढून ते सिद्धही करून दाखवलं. या हिशेबानं अगदी टोकाला शंभरातले चार-पाचच केस पोचत होते. सगळी ३८ इंचांची मिजास त्या चार-पाच केसांवर उभी होती.

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. थोरलीच्या डोक्यावर त्याचा पुरावाच होता. ऑक्टोबरअखेर मेंदी लावलेली, आता मुळाशी एक इंच पांढरं दिसत होतं. कात्री लावल्यानं केस जोमानं वाढतात असं आपल्या बायका म्हणतात, शेजारच्या काकू तर पौर्णिमेलाच टोकं काढतात. पण केस मुळातून वाढतो, टोकाला काय झालं याची मुळाला खबर नसते. टोकं काढली की तूट थांबते आणि वेणी भरीव दिसते, फायदा म्हणाल तर तेवढाच. थोरलीला हे ऐकून थोडं वाईट वाटलं.

"महिन्याला अर्धा इंच," धाकटी लिहीत होती. "२०२१ च्या एप्रिलपासून आतापर्यंत बत्तीस महिने. सोळा इंच. म्हणजे वरचे सोळा इंच आजारानंतरचे आणि खालचे बावीस आजाराच्या आधीचे. आजारानंतर आलेले नवे केस चौदा-एक इंचांपर्यंत पोचलेत, त्याखाली सगळं जुनं. सोळावर काप. एकदम दाट वेणी होईल, खांद्याच्या खालपर्यंत."

थोरली गप्प झाली. मग म्हणाली, "सोळाच्या खाली म्हणजे अम्मी असतानाचे."

"आजाराच्या आधीचे."

"तेच. त्या बावीस इंचांना अम्मीचा हात लागलाय."

धाकटी जे बोलली ते इथं लिहू नये असं थोरलीचं मत आहे, लिहावं असं धाकटीचं. ती म्हणाली, "आपा, केस मेलेलेच असतात. त्यांत काही उरत नाही. केस सांभाळून अम्मी परत येणार आहे का?"

आणि थोरली म्हणाली, "तुला काय कळणार? तू होतीस कुठं?"

चार दिवस बोलणं बंद. एकाच घरात राहून. चहा झाला की भाचीला निरोप, "खालाला सांग, कप ठेवलाय." जेवायला बसलं की, "मम्मीला सांग, मीठ दे." भाचीला आधी गंमत वाटली, तिसऱ्या दिवशी तिनं संप केला.

या चार दिवसांत थोरलीनं अंबाडा सोडलाच नाही, रात्रीसुद्धा. तिचं म्हणणं आजही हेच की तिला केसांचा मोह नव्हता. अम्मीचे कपडे आम्ही चाळिसाव्याच्या आत गरजूंना देऊन टाकले होते, घरात तिची तसबीर नाही, तेलाची बाटली केव्हाच संपलेली. हे एवढंच असं होतं की जे कुणी वाटून टाकू शकत नव्हतं. तेही आपल्या हातानं कापायचं, आणि तेही उंदराच्या शेपटीसारखं दिसतं म्हणून, हे तिला जमेना.

चौथ्या दिवशी दुपारी एक ब्लाउज उसवायला घेताना शिलाई मशीनवर थोरलीला तो हिशेबाचा कागद सापडला. ३८, १६, २२, गोल, सगळं होतं. त्याच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात आणखी एक हिशेब होता, तो गच्चीत कुणी केला नव्हता. बारा भागिले अर्धा, चोवीस. चोवीस महिने. त्यापुढं काही नाही, फक्त दोनदा गिरवलेली रेघ.

धाकटीचे केस खांद्यापर्यंत आहेत. बारा इंच. २०२१ च्या जूनमध्ये तिनं पुण्यात पार्लरमध्ये जाऊन ते कापून घेतले होते. मूल लहान, केस ओढायचं, शाळेचे ऑनलाइन तास, तेल लावायला वेळ नाही. अम्मीला विचारायचंही नव्हतं आता. तिथल्या मुलीनं झाडूनं सगळे केस सुपलीत भरले आणि डब्यात टाकले. पुरायचे असतात हे तिला घरी पोचल्यावर आठवलं. तेव्हापासून ती ते तेवढेच ठेवत आली. तिच्या डोक्यावर अम्मीच्या वेळचा एक केस नाही, हे तिलाही आपाचा हिशेब करेपर्यंत सुचलं नव्हतं.

थोरली कागद घेऊन आत गेली. काय बोलणं झालं ते आम्हा दोघींपुरतं राहू दे. भाचीचं म्हणणं, दोघी रडत होत्या आणि दूध उतू गेलं.

त्या रात्री इशानंतर आम्ही परत टेप घेऊन बसलो, या वेळी नीट. सोळावर कापणं रद्द. धाकटीनं स्वतःच ते खोडलं. तीन इंच कापावेत हा थोरलीचा पहिला आकडा. त्यानं दुतोंडी भाग जाईल, पण पस्तीस इंचांवरही वेणी पेन्सिलीएवढीच. एवढ्यासाठी चार दिवस भांडलो का, असं धाकटी म्हणाली. मग दोऱ्याची मापं परत पाहिली. बत्तीस ते अठ्ठावीसच्या मध्ये घेर झपाट्यानं घटत होता, अठ्ठावीसच्या वर तो बराच सावकाश होता. थोरलीनं अठ्ठावीसच्या खालची टोकं मुठीत लपवून वेणी आरशात पाहिली. वेणी कमरेला टेकत होती, रबर बसत होतं, आणि अंबाड्यालाही पुरेसे केस होते. अंबाडा तिला रोजच्या कामाला लागतोच. आकडा ठरला, दहा इंच.

पुढचंही ठरवलं. दर चार महिन्यांनी दोन इंच वाढतील, तेवढेच दोन इंच कापायचे. लांबी अठ्ठावीसच राहील आणि नवे दाट केस वरून खाली सरकत येतील. चौदा इंचांवरची दाट रेषा अठ्ठावीसवर यायला आणखी अठ्ठावीस महिने लागतील. एकदम कापायला मन होत नसेल तर हा मार्ग चांगला, फक्त धीर हवा आणि कॅलेंडरवर खूण हवी. ज्या बहिणींचे केस बाळंतपणानंतर असे झाले असतील त्यांनाही हाच सल्ला देऊ. आधी काळ्या कापडावर टोकं पाहा, दोऱ्यानं घेर मोजा, जिथं तो एकदम पडतो तिथं खूण करा, आणि पार्लरमध्ये गेलात तर बोटानं दाखवू नका, टेपनं दाखवा. पार्लरचा इंच आपल्या इंचापेक्षा मोठा असतो.

थोरलीनं मग विचारलं, "अम्मीचे कधी संपतील?"

धाकटी म्हणाली, नको हा हिशेब. थोरली म्हणाली, कर. अठ्ठावीस इंच म्हणजे छप्पन्न महिने. २०२१ च्या एप्रिलपासून छप्पन्न महिने, २०२५ चा डिसेंबर. थोरलीनं मान हलवली. दोन वर्षं तिला पुष्कळ वाटली. धाकटीला ती कमी वाटली होती.

कात्रीचं म्हणाल तर थोरलीच्या कपड्याच्या कात्रीला आमच्या घरात कुणी हात लावत नाही, आणि स्वयंपाकघरातली बोथट. बोथट कात्री केस कापत नाही, चावते, तिथूनच पुन्हा फाटे फुटतात. धाकटी बाजारातून केसांची नवी कात्री घेऊन आली. केस विंचरून, अठ्ठावीसवर एक रबर आणि त्याखाली बोटभर अंतरावर दुसरं रबर बांधून मध्ये कापले, म्हणजे कापलेले विखुरले नाहीत. धाकटीचा हात थरथरत होता, त्यामुळे एक बाजू किंचित तिरकी झाली, ती अजून तशीच आहे. कापलेला दहा इंचांचा झुपका इतका हलका होता की हातात काही आहे असं वाटेना. तो पुरायचं काम धाकटीनं मागून घेतलं. सकाळी फजरनंतर कढीपत्त्याच्या झाडाखाली तिनं स्वतः खड्डा केला, खुरप्यानं, चांगला कोपरापर्यंत खोल. थोरली म्हणाली, एवढा कशाला? ती खणतच राहिली.

जानेवारीत थोरली उमराहला गेली. तवाफ झाला, सई झाली, आणि खोलीवर येऊन केस कापायचं उरलं. ती छोटी कात्री सामानाच्या बॅगेत नेली होती. तिनं व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात धाकटी वह्या तपासत बसली होती. थोरलीनं वेणी पुढं घेतली, टोकाशी करंगळीचं पेर लावलं आणि धाकटीला दाखवलं.

"एवढंच ना?"

"एवढंच. जास्त नाही," धाकटी म्हणाली.

परत आल्यावर जमजमच्या बाटलीबरोबर थोरलीनं कागदाची एक पुडी आणली होती. ती झाडाखालीच गेली.

ईदला धाकटी आठ दिवस आली होती. ठरल्याप्रमाणे टोकं कापायची वेळ झाली होती, पण उमराहचं पेर वजा जाता कापायला दीडच इंच होता. दोऱ्याचं माप घेतलं, अठ्ठावीसवर घेर दोन इंचांच्या किंचित आत भरला. भाचीनं ते वहीत लिहून ठेवलं आहे. आता वही तिच्याकडे असते. धाकटी यंदा केस वाढवते आहे, सध्या ते ना बांधता येतात ना सोडवतात अशा लांबीचे आहेत. असरनंतर थोरलीनं मेथ्या-कढीपत्त्याचं तेल कोमट करून आणलं आणि मागच्या दाराच्या वरच्या पायरीवर बसली. धाकटी खालच्या पायरीवर. तेल फार होतंय, उशी खराब होईल, उद्या परत धुवावे लागतील, अशी तिची कुरकुर अजान होईपर्यंत चालू होती.